आमच्या लेंटचे राखणदार

आमच्या चर्चच्या क्वायरचे सूर जमतात की नाही ते देवच जाणे, किस्से मात्र न बोलावता जमतात. दर वर्षी वाटतं, यंदा तरी लेंट सरळ जाईल, फजिती होणार नाही. अन् दर वर्षी ईस्टर झाला की मी घरी येऊन उशीत तोंड खुपसते. बाप्पा, माणसानं लाजावं तरी किती वेळा!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे लेंट, आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ. राखेच्या बुधवारी पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, कपाळाला राख लावतात अन् प्रत्येकानं आपल्या आवडीची एक गोष्ट तेवढ्या काळापुरती सोडायची. बाकीची मंडळी हे मनातल्या मनात करतात. आमच्या क्वायरमध्ये मात्र चारचौघांत सांगावं लागतं! वर चिठ्ठ्या टाकून प्रत्येकावर एक राखणदार नेमतात. त्यानं चाळीस दिवस नजर ठेवायची, अन् ईस्टरच्या सकाळी नाश्त्याला ती सोडलेली वस्तू स्वतःच्या हातानं आणून द्यायची.

ही पद्धत पाडली विल्सनदादांनी. दादा आमचे सगळ्यात जुने गायक. माइक बंद पडला तरी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. आता "जायचा" म्हणावं लागतं, ते का ते सांगतेच.

मी रूथ. दिवसा धंतोलीत एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, संध्याकाळी चर्चमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाते, अन् मधल्या वेळात बोलते. म्हणजे फारच बोलते.

*

दादांचं सोडणं दर वर्षी मोठं हुशारीचं असायचं. एका वर्षी त्यांनी कारलं सोडलं. एका वर्षी सर्कस! यंदा राखेच्या बुधवारी ते उभे राहिले अन् गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मी यंदा गुलाबजाम सोडून राहिलो."

मागच्या खुर्चीवर मार्थावहिनी बसल्या होत्या, दादांच्या मिसेस. त्या गात नाहीत. प्रॅक्टिस संपेपर्यंत स्वेटर विणत बसतात. त्यांनी सुया पिशवीत ठेवल्या अन् तिथूनच सांगितलं, "खर्रा सोडतील ते."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू अन् चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला आमच्या नागपूरचा प्रसाद. दादांच्या गालात तो सकाळपासून असायचा. गाताना तेवढा काढायचे, देवाच्या मानासाठी.

"भाकर दुधात कुस्करून देते मी याईले," वहिनी म्हणाल्या. "घास जात नाही तोंडात, गुलाबजाम कुठून जाईल? डॉक्टरनं साफ सांगतलं, अजून खाल तर जबडा कापावा लागंल. मंग गा म्हणा देवाचे गाणे!"

दादा खाली पाहत होते. एवढा मोठा माणूस, शाळेत अंगठे धरून उभा केल्यासारखा दिसत होता. मग हळूच म्हणाले, "ठीक आहे. खर्रा."

वहिनी आमच्याकडे वळल्या. "तुमी त्याईचे दोस्त आहा न? मंग एवढं करा. त्याईले राखा."

चिठ्ठी निघाली. दादांचा राखणदार कोण? मी!

*

आधी बाकीच्यांचं सांगते, म्हणजे आमची लायकी कळेल.

माझा नवरा सुहास बेस गातो. त्यानं मटण सोडलं होतं. त्याचा राखणदार प्रकाश, आमचा टेनर, सीताबर्डीत मोबाइलचं दुकान चालवतो. दोघं मिळून लकडगंजला प्रकाशच्या मित्राच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेले. परत आले तेव्हा सुहासच्या मिशीला झणझणीत सावजी रश्श्याचा वास!

"तू मटण खाल्लं!" मी म्हटलं.

"नाई वं. मी मटण सोडलं, रस्सा कुठं सोडला?"

"अन् पीस?"

"ते प्रकाशच्या ताटात टाकले."

मी तिथल्या तिथं प्रकाशला फोन लावला. "काहून गा, तू राखणदार न त्याचा?"

"म्हणून तं खाल्ले ताई! त्याच्या ताटात राहू देले असते तं त्यानं खाल्ले नसते का?"

मी फोन ठेवला. खरं म्हणजे मला राग मटणाचा नव्हता. आम्ही घरी वरणभात खाऊन राहिलो होतो, याचा होता.

*

पाळकसाहेबांनी स्कूटरचा हॉर्न सोडला. हो, हॉर्न! म्हणाले, "मी रस्त्यावर फार चिडतो. सगळा राग त्या बटणावर निघतो. तेच सोडतो."

कल्पना उत्तम. पण आपलं गाव आहे ते! व्हरायटी चौकात संध्याकाळच्या गर्दीत हॉर्न न वाजवता स्कूटर काढायची म्हणजे समुद्र दुभंगायला हवा. साहेबांनी मग तोंडाचा वापर सुरू केला. "ओ भाऊ! ओ ताई! अरे सरक न बाबा!" तेही प्रवचनाच्या आवाजात. मागे मी बसलेली, प्रॅक्टिसला निघालेली. आजूबाजूचे लोक वळून पाहत होते अन् मी ओढणीनं चेहरा झाकत होते. उन्हाचा बहाणा करायला ऊनही नव्हतं.

ट्रॅफिक पोलिसानं बाजूला घेतलं. "हॉर्न खराब आहे का काका?"

"नाही. सोडलाय."

"सोडला म्हणजे?"

"लेंट चालू आहे."

पोलिसानं थोडा विचार केला, मग आपल्या जोडीदाराला हाक मारली, "अबे, हा लेंटचा नियम कधी लागू झाला? आपल्याले काही सांगतलंच नाही!"

साहेबांनी त्याला लेंट समजावून सांगितलं. अगदी शांतपणे. मागं बस अडली होती, ती मात्र सगळा वेळ हॉर्न वाजवत होती.

*

आता माझं. मी चहा सोडणार होते. प्रकाश म्हणाला, "चहा राहू दे ताई, चुगल्या सोड." सगळ्यांनी हात वर केले! माझ्या नवऱ्यानं दोन्ही.

माझी राखणदार निघाली शोभाताई. सोप्रानो गाते, बिचारी कोणाच्या अध्यात नसते, मध्यात नसते. सुरुवातीचे काही दिवस मी ओठ दाबून काढले. मग एक युक्ती सापडली. आमच्याकडे घरोघरी प्रार्थनासभा होतात, तिथं प्रत्येक जण प्रार्थनेचे विषय सांगतो. मी लोकांची गाऱ्हाणी तिथं मांडू लागले. चुगली नाही हो, प्रार्थना! डोळे मिटले की सगळं माफ.

एका सभेत मी अशीच रंगात आले. "प्रभू, मंडळीतल्या एका बहिणीच्या लेकीसाठी मागते. नाव घेत नाही, तुला माहीत आहे. ती जी सासरहून दोन बॅगा घेऊन आली, जिच्या सासूनं तिला फ्रिजला हात लावू दिला नाही, जी आता आईकडेच आहे अन् आई सगळ्यांना सांगते की परीक्षा द्यायला आली..."

कोणीतरी खोकलं. मी डोळे उघडले. दाराशी चपलांजवळ शोभाताई बसली होती. उशिरा आली होती, मला दिसली नाही. लेक तिचीच.

ती उठली, चपला पायात सरकवल्या अन् म्हणाली, "नाव घेतलं असतं तरी चाललं असतं वं."

मला रागावली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी घरी पायी आले. लाज वाटते म्हणतात न, तसं नव्हतं ते. अंग जळून राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले तर तिनं चहा दिला, बिस्किटं दिली, हवापाण्याचं बोलली. लेक आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

*

अन् दादा? दादा खरंच सोडून राहिले होते. चिडचिड करत, सतत लवंगा चघळत, वहीची पानं उगाच मागेपुढे करत. पण सोडून राहिले होते.

घोटाळा केला आम्ही. प्रकाशनं मोबाइलवर शोधून काढलं की लेंटच्या चाळीस दिवसांत रविवार मोजतच नाहीत. रविवार म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो!

"खरं का साहेब?" सगळ्यांनी विचारलं.

"मोजणीच्या दृष्टीनं खरं आहे," पाळकसाहेब जरा चाचरत म्हणाले.

झालं! रविवारी उपासना सुटली की आमची अख्खी क्वायर तर्री पोह्यांच्या ठेल्यावर. सुहासनं दुपारी मटण आणलं. साहेबांनी परत जाताना एकदा, फक्त एकदा, हॉर्न वाजवला. पीं करून. चेहऱ्यावर काय समाधान! अन् या सगळ्या हसण्याखिदळण्यात दादांनी खिशातून एक पुडी काढली अन् गालात सोडली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी राखणदार, मीही पाहिलं. पोह्यांवर तर्री वाढून घेत पाहिलं. बोलायला तोंडच नव्हतं, माझ्याही हातात माझा रविवार होता. शेजारच्या बाईची सून काय बोलली, ते मी नुकतंच सांगून संपवलं होतं.

असे दोन-तीन रविवार गेले. मग दादा आमच्या दवाखान्यात तपासायला आले. डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला सांगितलं अन् दातांमध्ये बोटं घालून पाहिली. चांगल्या तोंडात तीन बोटं उभी जावीत. दादांच्या तोंडात एक गेलं, दुसरं अडलं.

"खाऊन राहिले का दादा?"

"फक्त रविवारी," दादा म्हणाले. "रविवार धरत नाहीत आमच्यात."

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "तोंडाले रविवार समजत नाही दादा."

मार्थावहिनी बाहेर माझ्या काउंटरसमोरच बसल्या होत्या. दार उघडं होतं. त्यांनी सगळं ऐकलं अन् माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. स्क्रीन बंद होता.

*

त्यानंतर आम्ही जरा माणसात आलो. रविवार मोजायला लागलो.

डॉक्टरांनी दादांना व्यायाम दिला होता. आइसक्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातात धरायच्या, रोज एक काडी वाढवायचा प्रयत्न करायचा. दादांना प्रॅक्टिसमध्ये तसं बसायची लाज वाटायची. तर प्रकाशनं काड्यांचा गठ्ठाच आणला. "आपण सगळेच धरू, मंग दादाले काही वाटणार नाही!"

धरल्या. पंधरा माणसं दातात काड्या घेऊन वधस्तंभाचं गीत गाऊन राहिली. शब्दच फुटेनात, नुसतं आआआ! हनुवटीवरून लाळ गळून राहिली, सुहासची तर पेटीच्या पट्ट्यांवर. नेमके तेव्हाच पाळकसाहेब बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन दारात. पाहुणे मोठे पाळक होते, आमची क्वायर ऐकायला मुद्दाम आलेले.

पाहुण्यांनी बराच वेळ पाहिलं. मग साहेबांच्या कानाशी लागले, पण आम्हाला ऐकू आलं. "यांना आधी डॉक्टरला दाखवलं का?"

आमची मान वर होईना. दादा मात्र हसले. काड्यांसकट हसले. त्या लेंटमध्ये पहिल्यांदा.

*

शेवटच्या आठवड्यात मला शंका आली. दादा संध्याकाळी प्रॅक्टिसच्या आधी कुठंतरी जाऊन येत होते. मी मागोमाग गेले तर चौकातल्या पानठेल्याजवळून परतताना दिसले. माझं डोकंच फिरलं! ते गेल्यावर मी ठेल्यावर जाऊन उभी राहिले अन् चारचौघांत त्या ठेलेवाल्याचा उद्धार केला. "लाज नाही वाटत? माणसाचा जबडा जाऊन राहिला अन् तू खर्रा घोटून देतो त्याले?"

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, दादा घेत नाही काही. रोज येते, दुसऱ्याचा घोटताना पाहते, जरासा वास घेते अन् चालले जाते. मी म्हटलं बसा, तं बसत पण नाही."

गिऱ्हाईकं माझ्याकडे पाहत होती. काहीतरी घ्यावं म्हणून मी बडीशेप घेतली अन् तिथून सटकले. चर्चमध्ये पोचले तर दादा माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवत होते.

*

गुड फ्रायडेला दादांनी एक कडवं एकट्यानं गायलं. तोंड पहिल्यासारखं उघडत नव्हतं, शब्द दातांत अडकत होते. पण गायले. त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "दुसरं बोट जाऊन राहिलं. आता पुन्हा खर्रा तोंडाला लावला तर मात्र माझ्याकडे येऊ नका, सर्जनकडे जा." मार्थावहिनींनी कडवं संपेपर्यंत पदर तोंडाशी धरून ठेवला होता.

मग ईस्टर. पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या लावून झाल्या, गाणी झाली, अन् सगळे हॉलमध्ये नाश्त्याला आले. मधोमध लांब टेबल. आता राखणदारांनी एकेकाची वस्तू आणून द्यायची.

प्रकाशनं सुहासपुढे मटणाचा डबा उघडला. यावेळी पिसांसकट. कोणीतरी साहेबांना बाहेर नेऊन त्यांच्या स्कूटरचा हॉर्न वाजवू दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोभाताई माझ्याजवळ आली. मी मान खाली घातली.

"मी काही आणलं नाही वं," ती म्हणाली. "तुह्याजवळ शिल्लक असंल न?"

हसले सगळे. मीही हसले, दुसरं करणार काय?

मग दादांची पाळी. आदल्या दिवशी मी साहेबांना विचारलं होतं, "नियमानं मले त्यांची वस्तू द्यावी लागते. काय करू?" साहेब कडक आवाजात म्हणाले होते, "आणायची नाही. हे शोभतं का?" बरोबरच होतं. पण सकाळी निघताना मला वाटलं, सगळ्यांना काही न काही मिळणार अन् ज्यांनी ही पद्धत पाडली ते तेवढे रिकाम्या ताटापुढे बसणार? आणि सगळ्यात अवघड सोडणं त्यांचंच होतं. नुसती निशाणी म्हणून द्यायची, खायची थोडीच आहे! मी वाटेत एक पुडी घेतली. छोटी.

ती पर्समधून काढली अन् दादांच्या ताटात ठेवली. "दादा, नुसती निशाणी हो. नियमापुरती."

त्याच वेळी सुहासचा हात आला. शर्टच्या खिशातून पुडी. माझ्याकडे पाहून तो गडबडला, "मले वाटलं तू आणणार नाही."

मागून प्रकाश. "मले वाटलं तुमी दोघंही नाही आणणार."

मग आणखी एक हात. मग आणखी एक. ज्याला त्याला दादांची दया आली होती! शोभाताईनं पदराच्या गाठीतून काढली, तिच्या हाताला ती कशी पकडावी तेही कळत नव्हतं. सगळ्यात शेवटी पाळकसाहेबांनी पांढऱ्या झग्याच्या आत हात घातला, आमच्या कोणाच्याच तोंडाकडे न पाहता एक पुडी ताटाच्या कडेला ठेवली अन् घाईघाईनं म्हणाले, "एवढा मोठा सण आहे म्हणून."

ताट भरलं.

मार्थावहिनी टेबलाच्या त्या टोकाला कपांत चहा ओतत होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली. ओरडतील असं वाटलं. ओरडल्या नाहीत. पदरानं हात पुसले अन् नुसत्या उभ्या राहिल्या. एकेकाकडे पाहून राहिल्या होत्या. माझ्यापर्यंत नजर आली तेव्हा जमीन दुभंगावी असं वाटलं मला, खरंच सांगते.

दादांनी खुर्ची ओढली. बसले. पुड्या ताटात नीट लावल्या, एकीला एक लागून, घरी आलेल्या पाहुण्यांनी आणलेली फळं मांडावीत तशा. खिशातून रुमाल काढून मांडीवर पसरला. मग दोन्ही हात जोडले अन् वर पाहिलं.

"साहेब, खाण्याआधी प्रार्थना करतो न आपण. करा."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "विल्सनदादा, अहो..."

"करा न साहेब. सगळ्याईनं एवढ्या प्रेमानं आणलं."

नाही म्हणायची कोणाची हिंमत होईना. साहेबांनी डोळे मिटले. आम्हीही माना खाली घातल्या, डोळे घट्ट मिटले. पंखा तेवढा फिरून राहिला होता.

"हे आमच्या स्वर्गातल्या बापा," साहेब म्हणाले, "या अन्नासाठी..."

तिथंच थांबले. पुन्हा सुरू केलं, "या अन्नासाठी..." पुन्हा थांबले.

आम्ही वाट पाहिली. कोणी डोळे उघडले नाहीत.

मग दादांचा आवाज आला. हळू, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"बोला साहेब. आमेन म्हणायले आमी थांबून राहिलो."